लाव्हीची अंडी घरच्या पेटीत उबविताना



ऊस तुटून गेला की बिल हाती येईपर्यंत घरखर्चाची ओढाताण होते. म्हणून काही घरांत जपानी लाव्ही, म्हणजेच बटेर, पाळायला सुरुवात झाली आहे. गटात फिरताना आम्हाला विचारतात, "साहेब, पक्षी अंडी घालतो, पण अंड्यावर बसत नाही. मग पिल्ले काढायची कशी?" त्याचे उत्तर येथे देत आहोत.

हा पक्षी १९७४ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियातून भारतात आला. पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढल्यामुळे त्याची खुडूक बसण्याची सवय जवळजवळ मोडली आहे. तेव्हा पेटीलाच आई व्हावे लागते. मात्र शेतात, बांधावर दिसणारी रानलाव्ही वेगळी. तिला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ऊसतोडीत घरटे सापडले तर त्यातील अंड्यांना हात लावू नये.

बेणे चांगले तर उगवण चांगली, हे आपल्याला सांगायला नको. अंड्यांचेही तसेच आहे. दोन-तीन माद्यांमागे एक नर हवा. नराशिवाय घातलेल्या अंड्यातून पिल्लू निघत नाही. साधारण १० ग्रॅम वजनाची, न तडकलेली अंडी निवडावीत. ती धुऊ नयेत. निमुळते टोक खाली ठेवून थंड जागी साठवावीत आणि ७ दिवसांच्या आत पेटीत घालावीत.

पेटीसाठी थर्माकोलचा जाड खोका चालतो. आत ४० वॅटचा तारेचा बल्ब लावावा. एलईडी दिव्याने उजेड मिळेल, ऊब मिळणार नाही. बल्बची झळ थेट अंड्यांना लागू नये म्हणून मध्ये पत्र्याचा आडोसा करावा. बल्ब आपोआप बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट जरूर बसवावा. तळाशी पाण्याची थाळी, तिच्यावर जाळी आणि जाळीवर अंडी. हवेसाठी खाली आणि झाकणाला थोडी भोके ठेवावीत. अंडी घालण्यापूर्वी पेटी २४ तास रिकामी चालवून पाहावी.

पंखा नसलेल्या पेटीत अंड्यांच्या वरच्या बाजूच्या उंचीवर ३८.५ अंश सेल्सिअस तापमान हवे. पंखा असेल तर ३७.५ पुरे. थर्मामीटर झाकणाला टांगला तर तिथली हवा जास्त गरम असते, आकडा बरोबर दिसतो आणि अंडी मात्र गार राहतात. आर्द्रता पहिले १४ दिवस ५५ ते ६० टक्के ठेवावी. अंडी दिवसातून किमान तीन वेळा हलक्या हाताने फिरवावीत. एका बाजूला पेन्सिलीने फुली केली की चूक होत नाही. न फिरवल्यास आतला जीव कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो.

सोमवारी अंडी घातली तर मंगळवार हा पहिला दिवस धरावा. दोन आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारी १४ दिवस भरतात. त्या रात्रीपासून फिरवणे बंद, पाणी वाढवून आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास न्यायची आणि झाकण लावून टाकायचे. त्याच आठवड्यात गुरुवार-शुक्रवारी, म्हणजे १७ व्या-१८ व्या दिवशी, पिल्ले निघतात. या दिवसांत झाकण उघडण्याचा मोह फार होतो. पण उघडले की दमट हवा निघून जाते, पापुद्रा वाळतो आणि कवच फोडू लागलेले पिल्लू आतच अडकते. त्याला बाहेरून मदत करायलाही जाऊ नये.

आमच्या हातून झालेली चूकही सांगतो. पहिल्या खेपेस ५० अंडी ठेवली होती. सोळाव्या रात्री वीज गेली. ऊब टिकावी म्हणून पेटीभोवती गोधडी गुंडाळली, ते बरोबरच होते. मध्यरात्री वीज आली, पण गोधडी काढायची राहिली. हवेची भोके झाकलेली होती, थर्मोस्टॅट तेव्हा बसवला नव्हता. सकाळी पारा ४१ वर! ९ पिल्ले निघाली. उरलेली अंडी फोडून पाहिली तर बहुतेकांत पूर्ण वाढलेली पिल्ले मेलेली होती. घरात त्या दिवशी कोणी फारसे बोलले नाही.

तेव्हापासून आम्ही एक गोष्ट पक्की धरली आहे: तास-दोन तास गारठा आला तर उबवणी थोडी लांबते, पण जादा उष्णता जीवच घेते. वीज गेल्यावर पेटी झाका, वीज येताच उघडी करा. उसात नांग्या भरता येतात. पेटीत येत नाहीत.

निघालेली पिल्ले सुकेपर्यंत पेटीतच राहू द्यावीत. पोटातील बलकावर त्यांचा एक दिवस निघतो. मग बल्बखाली ३५-३६ अंशांच्या उबेत, गोणपाटावर ठेवावीत. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. पाण्याच्या बशीत गोट्या टाकाव्यात, नाहीतर पिल्ले बुडतात. खाद्य भरपूर प्रथिनांचे आणि बारीक दळलेले असावे. सहा-सात आठवड्यांत माद्या अंड्यावर येतात.

पहिल्या वेळी २० अंड्यांवर थांबावे. तारीख, तापमान आणि निघालेली पिल्ले वहीत लिहून ठेवावीत. पुढच्या खेपेला तीच वही तुमची खरी मार्गदर्शक ठरेल.