आग लागणे, आग लावणे आणि आग लागू देणे

नांदेड व लातूर जिल्ह्यांत सोयाबीनची काढणी झाली की शेतात ‘बनीम’ रचली जाते, आणि पुढे रब्बी ज्वारी निघाली की कडब्याच्या गंजी उभ्या राहतात. त्यानंतरचा काळ कोरडा असून उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. घराभोवतीचा पालापाचोळा, उसाचे पाचट आणि बांधावरचे (विदर्भालगतच्या भागात ‘धुऱ्या’वरचे) वाळलेले गवत जाळण्याचा प्रघातही याच महिन्यांतला आहे. साहजिकच ‘बनिमीला आग लागली’ हे वाक्य या भागात दर वर्षी ऐकू येते. या वाक्यातील क्रियापदाचा उघड्यावर जाळण्यासंबंधीच्या कायद्यांशी काय संबंध पोहोचतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आगीविषयी बोलताना मराठी क्रियापदांच्या जोड्या वापरते : जळणे–जाळणे, पेटणे–पेटवणे, विझणे–विझवणे, लागणे–लावणे. प्रत्येक जोडीतील पहिले रूप अकर्मक आहे, दुसरे सकर्मक. ‘जळणे–जाळणे’ हा भेद संस्कृत ‘ज्वलति–ज्वालयति’ इतका जुना आहे. अकर्मक रूपात करणाऱ्याला स्थान नसते. ‘धुरा पेटला’ या वाक्यात कर्ता धुरा आहे. काडी ओढणारा वाक्याबाहेर राहतो. ‘आग लागली’ या वाक्यात तर आग हीच कर्ता ठरते. असे बोलण्यात लबाडी असतेच असे नाही. वाऱ्याने विजेच्या तारा एकमेकींना घासून ठिणगी पडते व उभा ऊस जळतो, तेव्हा ‘लागली’ हेच क्रियापद यथार्थ असते. तथापि स्वतः पेटवलेले गवत शेजाऱ्याच्या गंजीपर्यंत गेल्यावरही तेच क्रियापद वापरले जाते, आणि अडचण तेथे सुरू होते.

कायद्याला प्रथम कर्ता हवा असतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३२६ आगीने केलेल्या आगळिकीसंबंधी आहे. नुकसान करण्याच्या हेतूने, किंवा नुकसान होण्याचा संभव ठाऊक असताना, शेतमालासह कोणत्याही मालमत्तेला आग लावल्यास सात वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. राहते घर नष्ट करण्यासाठी ती लावली असल्यास शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. हे कलम ‘लावणे’ या क्रियापदाचे आहे.

परंतु बहुसंख्य घटना ‘लागणे’ आणि ‘लावणे’ यांच्या मधल्या प्रदेशात पडतात. या प्रदेशासाठी मराठीत तिसरी रचना उपलब्ध आहे : ‘लागू देणे’, ‘पसरू देणे’. येथे कर्ता वाक्यात परत येतो. मात्र त्याच्याकडे हेतू दिला जात नाही, न रोखल्याची जबाबदारी दिली जाते. संहितेचे कलम २८७ नेमके याच रचनेचे आहे. अग्नी किंवा ज्वालाग्राही पदार्थ यांच्या बाबतीत मानवी जीवित धोक्यात येईल किंवा दुसऱ्यास इजा होण्याचा संभव असेल असे बेदरकार अथवा हयगयीचे कृत्य करणे, तसेच आपल्या ताब्यातील विस्तवापासून मानवी जीवितास संभाव्य असलेला धोका टाळण्यापुरती व्यवस्था न ठेवणे, हे दोन्ही त्यात अपराध ठरतात. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १८६० च्या दंडसंहितेत हीच तरतूद कलम २८५ मध्ये होती आणि दंडाची मर्यादा एक हजार होती. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम २६ तर राखीव वनास धोका पोहोचेल अशा रीतीने आग जळती सोडून जाण्याचाही स्वतंत्र उल्लेख करते. किनवट व माहूर या वनव्याप्त तालुक्यांत या उल्लेखाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

दुसरी अडचण ‘कचरा जाळणे’ या शब्दप्रयोगाची आहे. ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रस्त्यावर व आवाराबाहेरील सार्वजनिक जागेत कचरा टाकणे, जाळणे वा पुरणे निषिद्ध केले, आणि बागेतील पालापाचोळा आवारातच वेगळा साठवून स्थानिक संस्थेच्या सूचनेप्रमाणे त्याची विल्हेवाट लावण्यास सांगितले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळण्यास सर्वत्र मनाई करून साध्या प्रकरणी पाच हजार व मोठ्या प्रमाणावरील जाळण्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. नागरिक मात्र आपल्या कृतीला ‘कचरा जाळणे’ म्हणत नाही. डासांसाठी कडुनिंबाचा पाला पेटवला तर तो ‘धूर करतो’; थंडीत खोकी व टायर पेटवले तर ‘शेकोटी करतो’; अंगण झाडून ढिगाला ‘काडी लावतो’. नियम ठाऊक असूनही तो आपल्याला लागू आहे असे त्याला वाटत नाही, कारण नियमातील क्रियापद त्याच्या बोलण्यात त्या कृतीसाठी येतच नाही.

यावरून सूचनाफलकांच्या भाषेविषयी एक निष्कर्ष निघतो. नांदेड-वाघाळा (स्थापना १९९७) व लातूर (स्थापना २०११) या महानगरपालिकांच्या हद्दीत असो वा ग्रामपंचायतीच्या, ‘कचरा जाळण्यास मनाई आहे’ एवढे वाक्य अपुरे आहे. ‘अंगणातला पाला पेटवू नका, खड्ड्यात कुजवा, शेकोटीत टायर व प्लॅस्टिक घालू नका, शेकोटी गंजीपासून, गोठ्यापासून व विजेच्या तारांपासून दूर करा, उठण्यापूर्वी पाणी ओतून राख उलथून पाहा, आग हाताबाहेर जाऊ लागताच १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवा’ अशी वाक्ये नागरिकाच्या स्वतःच्या क्रियापदांत बोलतात. वनखात्याचा ‘जाळरेषा’ हा शब्द येथे बोधक आहे. वणवा रोखण्यासाठी आधीच जाळून मोकळा ठेवलेला तो पट्टा असतो. म्हणजे येथे जाळणेही राखण्याच्या कामी येते. मात्र ते ठरलेल्या वेळी, माणसे पहाऱ्यावर ठेवून केले जाते. ‘जाळणे’ आणि ‘पसरू देणे’ यांतील अंतर या पहाऱ्याचे आहे.

पंचनाम्यात ‘आग लागली’ असे लिहिण्यापूर्वी ती लावली, लागली की लागू दिली, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. ज्याची बनीम जळाली त्याच्या भरपाईच्या दाव्याला आणि ज्याच्यावर विनाकारण ठपका येऊ शकतो त्याच्या बचावाला, दोहोंनाही या उत्तराची सारखीच गरज असते.