खारीला झोंबते, पोपटाला नाही

पोपट मिरची खातो, हे मराठी मुलाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. लवंगी मिरची पायाच्या बोटांत धरून तो चोचीनं फोडतो आणि बियांसकट फस्त करतो. ना डोळ्यांत पाणी, ना ठसका.

आता परसात चला. कुंडीतले टोमॅटो लाल होऊ लागले की खार रोज एकेकाला दात लावून जाते. कुणीतरी सांगतं, मिरच्या वाटून त्यांचं पाणी शिंपडा. शिंपडल्यावर खार येते, तोंड लावते, डोकं झटकते, पंजांनी तोंड पुसत पळून जाते. थोड्या वेळानं बुलबुल येतो आणि त्याच टोमॅटोत खुशाल चोच खुपसून बसतो. एकाच पाण्यानं एकाला पळवून लावावं आणि दुसऱ्याला त्याचा पत्ताही लागू नये, हे कसं काय? या प्रश्नाचं उत्तर शोधताना माणसं अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, बोलिव्हियाच्या रानात आणि नोबेल पारितोषिकापर्यंत जाऊन पोचली आहेत.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेइसिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. त्याला स्वतःचा वास नाही, आणि खरं तर चवही नाही. गोड-खारट ओळखणाऱ्या जिभेवरच्या यंत्रणेशी त्याचा संबंधच येत नाही. ते थेट वेदनेच्या मज्जातंतूंना जाऊन भिडतं. या तंतूंच्या टोकांवर एक प्रथिन असतं, टीआरपीव्ही-१ नावाचं. त्याचं मूळ काम उष्णतेची वर्दी देणं. सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वर तापमान गेलं की हे प्रथिन उघडतं, कॅल्शियम आणि सोडियमचे आयन पेशीत शिरतात आणि मेंदूला निरोप जातो, भाजतंय! कॅप्सेइसिन याच प्रथिनाला चिकटतं आणि काहीही तापलेलं नसताना त्याला उघडतं. म्हणून मिरची खाल्ल्यावर तोंडाची ‘आग’ होते, कानशिलं तापतात, घाम फुटतो. शरीर खऱ्याखुऱ्या चटक्याला तोंड देत असतं, फक्त चटका कुठेच नसतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं १९९७ मध्ये हे प्रथिन शोधून काढलं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना विभागून मिळालं. त्याहून जास्त मोह मला पडतो तो ज्युलियस यांच्याच प्रयोगशाळेतल्या २००२ च्या कामाचा. तिथे कोंबडीचं हेच प्रथिन तपासलं गेलं. उष्णता दिली की ते उघडत होतं, आम्ल दिलं की उघडत होतं, कॅप्सेइसिनला मात्र दाद देत नव्हतं. म्हणजे पक्ष्यांना भाजलेलं कळतं, मिरची कळत नाही. मग उंदराचं आणि कोंबडीचं प्रथिन यांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल करून फरक नेमका कुठे आहे ते पाहिलं. निघाला प्रथिनाच्या एका छोट्याशा भागात! पोपटाचा निर्विकार चेहरा आणि खारीची धावपळ यांच्यामधलं अंतर एवढंच आहे.

पण मिरचीच्या झाडानं पक्ष्यांना वगळलं तरी का? उत्तर अ‍ॅरिझोनात मिळालं. तिथे चिल्टेपिन नावाची वाटाण्याएवढी रानमिरची उगवते. जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नभान यांनी २००१ मध्ये तिच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. फळं कोण खातं याची त्यांनी पाळत ठेवली, तर रानउंदीर फिरकतही नव्हते. थ्रॅशर नावाचा बाकदार चोचीचा पक्षी मात्र ती आवडीनं खात होता. उंदीर तिखट मिरचीला तोंड लावेनात, म्हणून त्यांना एका जवळच्या जातीतली बिनतिखट मिरची खाऊ घातली. उंदरांच्या पोटातून बाहेर आलेलं एकही बी रुजलं नाही, कारण उंदीर चावून खातो. पक्ष्याला दात नाहीत. त्याच्या पोटातून गेलेलं बी धडधाकट बाहेर पडलं आणि न खाल्लेल्या बियांइतकंच चांगलं रुजलं. शिवाय पक्षी ते उडत दूर नेतो, जिथे सावली असेल अशा झुडपाखाली टाकतो. कोणी खावं आणि कोणी खाऊ नये, याची निवड मिरची करत होती.

गोष्ट इथेच संपेल असं वाटतं, पण संपत नाही. बोलिव्हियात एका रानमिरचीची तिखट आणि बिनतिखट झाडं शेजारी शेजारी उभी असतात. तिथे ट्यूक्सबरी आणि सहकाऱ्यांना आणखी एक शत्रू सापडला, बुरशी. रस शोषणारे ढेकणासारखे किडे फळाला भोकं पाडतात, त्यांतून फ्युझॅरियम बुरशी आत शिरते आणि बिया नासवते. कॅप्सेइसिन तिची वाढ रोखतं. जिथे असे किडे जास्त, तिथे तिखट झाडंही जास्त. मग सगळीच झाडं तिखट का नाहीत? कारण तिखटपणा महाग पडतो. पाण्याचा ताण पडला की तिखट झाडाला बिनतिखट झाडाच्या सुमारे निम्म्याच बिया धरतात. आपल्या मिसळीच्या तर्रीतली आग ही एका झाडानं आपल्या बियांसाठी मोजलेली किंमत आहे, हे कळल्यापासून मिरचीकडे मी आदरानं पाहतो.

हे सगळं समजलं की मिरचीचं पाणी कसं करावं हेही आपोआप समजतं. कॅप्सेइसिन बियांत तयार होत नाही. ते तयार होतं बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या भागात, म्हणून बिया आणि शिरा काढून मिरच्या वापरल्या तर उपयोग नाही. पानांत ते जवळजवळ नसतंच. मिरचीच्या रोपाचा पाला शेळ्या निवांत खातात त्या म्हणूनच. दुसरं, ते पाण्यात जेमतेम विरघळतं, तेलात छान विरघळतं. तेव्हा मूठभर तिखट मिरच्या ठेचून लिटरभर पाण्यात उकळाव्या, गार झाल्यावर फडक्यातून गाळाव्या आणि त्यात चमचाभर तेल आणि थोडा पातळ साबण घालावा. साबणामुळे तेल पाण्यात मिसळतं आणि पानाला धरून राहतं. लसूण घालायचा असेल तर ठेचून गार पाण्यात घालावा. लसणाचं झोंबणारं द्रव्य पाकळी चिरडल्यावर तयार होतं, आणि ते घडवणारं विकर उष्णतेनं निकामी होतं. शिंपडणं संध्याकाळी, उन्हात नाही, नाहीतर तेल-साबणानं पानं करपतात. आधी एखाद्या पानावर करून पाहावं. हातमोजे आणि चष्मा हवाच, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारू नये. पाऊस पडला की पुन्हा शिंपडायचं, त्यामुळे कोकणातल्या आषाढात या उपायाच्या नादी लागू नये.

कॅप्सेइसिनला वास नाही, म्हणून प्राण्याला ते चावल्यावरच कळतं. पहिला घास गेला असंच धरावं. पाणी काम करतं ते दुसऱ्या घासापासून. खार, उंदीर, घूस, ससा, वानर या सगळ्यांना ते झोंबतं. पोपट, बुलबुल आणि मोर यांच्यासाठी जाळी लावावी किंवा फळाला कागदी पिशवी बांधावी. आणि मिरचीच्या पिकावरच फुलकिडे कसा धुमाकूळ घालतात ते शेतकऱ्याला विचारा, म्हणजे किडींवर निव्वळ तिखटाचा भरवसा ठेवावासा वाटणार नाही.

जमिनीवरचा सगळ्यात मोठा सस्तन प्राणीही याला अपवाद नाही. दोडामार्गात हत्तींनी केळी आणि माड आडवे केलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे विशेष वाटेल. झिंबाब्वेत, झांबेझीच्या खोऱ्यात, लोकी ऑसबॉर्न यांनी हत्तींवर मिरचीचे प्रयोग केले. शेताभोवती दोर बांधून त्यावर ग्रीस आणि मिरचीचा लेप लावायचा. हत्तीच्या शेणात मिरची कालवून विटा थापायच्या आणि रात्री त्या धुमसत ठेवायच्या. फोडणीत मिरची जळली की अख्खं घर खोकतं. हत्तीच्या सोंडेला तो धूर काय करत असेल! शिवाय हत्ती मिरचीचं पीक खात नाहीत, त्यामुळे तेच पीक लावून शेतकऱ्याला पैसेही मिळतात.

मात्र एक सस्तन प्राणी या पहाऱ्यातून निसटला आहे. खारीसारखा दिसणारा, लांब नाकाचा, चीनमधला वृक्षचिचुंद्री म्हणावी असा ट्री श्रू. तो मिरच्या आवडीनं खातो. चिनी संशोधकांनी २०१८ मध्ये त्याचं टीआरपीव्ही-१ तपासलं, तर त्यात एकच अमिनो आम्ल बदललेलं निघालं, तेही नेमकं कॅप्सेइसिन चिकटतं त्या जागी. पण हा बदल मिरचीमुळे झालेला असणं शक्य नाही. मिरची अमेरिकेतली. आपल्याकडे ती पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्यात उतरली, आशियात त्याआधी नव्हतीच. ट्री श्रूच्या रानात मिरीच्या कुळातली एक वनस्पती आहे आणि तिच्यात कॅप्सेइसिनसारखंच एक द्रव्य आहे. ती वनस्पती खाता यावी म्हणून त्याच्या पूर्वजांत हा बदल टिकला, असं संशोधकांचं म्हणणं आहे. मिरची समुद्र ओलांडून आली, तेव्हा तिला न घाबरणारा एक सस्तन प्राणी या बाजूला आधीच तयार होता.