पेटीचा प्रवास

नव्वदच्या दशकातल्या मुंबईत पेटी म्हणजे एक लाख आणि खोका म्हणजे एक कोटी. खंडणीचा फोन यायचा, तो याच मापात आकडा सांगायला. ती रक्कम शेवटी कुणाच्या खिशातून जायची, हे हिशेब मांडूनच बघायला हवं.

समजा, २० घरांची इमारत बांधणाऱ्या बिल्डरने १० पेट्या दिल्या. म्हणजे घरामागे ५० हजार रुपये. बिल्डर ते सिमेंट-सळईसारखे भावात धरतो. घरांची टंचाई एवढी, की चढ्या भावानेही गिऱ्हाईक मिळतं. मग ज्याला भाईचा फोन कधीच आला नाही, असा एखादा कारकून कर्ज काढून, व्याजासकट ती खंडणी फेडत राहतो.

याला कर म्हणून सोडून देता येत नाही. कर किती भरायचा हे आधी कळतं आणि पावती मिळते. इथे एका टोळीला पैसे दिले की ‘हा देतो’ ही बातमी फुटते आणि दुसरीचा फोन येतो. म्हणून व्यापारी डोळ्यांवर येईल असं काही करेनासा होतो. दुकानाची पाटी जुनीच ठेवतो, गाडी बदलत नाही, मुलीचं लग्न गाजावाजा न करता उरकतो. दुसरं दुकान काढायचा बेतही सोडून देतो. त्या दुकानात चार पोरं कामाला लागली असती. त्यांचं नुकसान कुठल्याच एफआयआरमध्ये येत नाही, आणि मला तेच सगळ्यात मोठं वाटतं.

सिनेमाधंद्यात ही कीड वेगळ्या वाटेने शिरली. बँका निर्मात्यांना दारात उभं करत नसत, त्यामुळे खासगी सावकार आणि त्यांच्या आडून टोळ्यांचा पैसा आला. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत टी-सीरिज या संगीत कंपनीचे मालक गुलशन कुमार यांची भरदिवसा हत्या झाली. पुढच्याच वर्षी केंद्राने चित्रपटाला उद्योगाचा दर्जा दिला आणि बँकेच्या कर्जाची वाट मोकळी होऊ लागली.

पोलिसांत जायला मात्र माणूस कचरायचा. मुलगा कितीला क्लासला निघतो, हे फोनवरचा माणूस घड्याळासह सांगत असे. तक्रार म्हणजे उद्या कोर्टात साक्ष. १९९९ साली आलेल्या, संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मोक्का कायद्याने रीतसर परवानगीने ऐकलेलं फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून धरायची सोय केली. खटल्याचा सगळा भार एकट्या व्यापाऱ्याच्या जबानीवर राहिला नाही.