कॉम्प्युटरच्या खिशातले बिल्ले

मोठ्या देवळाबाहेरचा चप्पल स्टँड तुम्ही पाहिला असेलच. आपण चपला देतो, काका त्या एका खणात सरकवतात आणि आपल्या हातावर बिल्ला ठेवतात. त्यावर नुसता आकडा. समजा, ४१७. दर्शन झालं की बिल्ला पुढे करायचा, चपला हजर! काकांना तुमचं नाव ठाऊक नसतं, गाव ठाऊक नसतं. दिवसभरात इतके चेहरे समोरून जातात की तुमचा त्यांच्या लक्षात राहणं शक्यच नाही. लक्षात ठेवायचं काम बिल्ला करतो.

हा बिल्ला जरा मुठीत धरून ठेवा. आपल्याला तो लागणार आहे.

आता ब्राउझर उघडू या. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, तुमच्याकडे असेल तो. तुम्ही एखादं पान मागता तेव्हा ब्राउझर दूरच्या एका कॉम्प्युटरला निरोप धाडतो, ‘हे पान दे.’ त्या कॉम्प्युटरला सर्व्हर म्हणतात. तो पान देतो आणि तुम्हाला विसरून जातो. खरंच, साफ विसरतो! वेब जन्माला आलं स्वित्झर्लंडमधल्या सर्न या प्रयोगशाळेत, टिम बर्नर्स-ली यांच्या कल्पनेतून. शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद सहज वाचता यावेत म्हणून. कागद मागितला, मिळाला, संपलं. कोणी मागितला हे लक्षात ठेवायचं कारणच नव्हतं.

पण दुकान असं कसं चालेल? तुम्ही कंपासपेटी टोपलीत टाकलीत, मग वह्या बघायला दुसऱ्या पानावर गेलात, तर सर्व्हर विचारणार, ‘आपण कोण?’ आणि टोपली रिकामी.

१९९४ मध्ये ही अडचण अमेरिकेतल्या नेटस्केप या कंपनीपुढे आली. तिच्या एका ग्राहकाला वेबवर दुकान मांडायचं होतं. ती सोडवायला बसला लू माँटुली नावाचा तरुण प्रोग्रामर. (मला हा माणूस फार आवडतो. ऑफिसातल्या माशांच्या टाकीसमोर कॅमेरा लावून त्याने ते मासे जगाला वेबवर दाखवले होते, तेही त्याच वर्षी!) माँटुलीने केलं ते अगदी स्टँडवरच्या काकांसारखं. सर्व्हरने पानाबरोबर एक छोटा मजकूर द्यायचा, ब्राउझरने तो जपून ठेवायचा आणि पुढच्या वेळी त्याच सर्व्हरकडे जाताना तो जसाच्या तसा परत दाखवायचा. प्रोग्रामर मंडळींत अशा देवघेवीच्या चिठ्ठीला आधीपासून ‘मॅजिक कुकी’ म्हणत. तेच नाव चिकटलं. म्हणून कुकी.

कुकी म्हणजे चार ओळींचा मजकूर. ती प्रोग्राम नाही, व्हायरस नाही, तुमचे फोटो उघडून बघू शकत नाही. एका कुकीची मर्यादा साधारण ४०९६ बाइट, आणि बहुतेक कुकींना त्यातली थोडीशीच जागा लागते. पण या एवढ्याशा बिल्ल्याची ताकद बघा. इंग्रजीची २६ अक्षरं आणि १० आकडे वापरून दहा खुणांचा बिल्ला बनवला, तर इतके वेगवेगळे बिल्ले तयार होतात की पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला चार लाखांहून जास्त वाटता येतील. दोघांना एकच नंबर जायची भीती नाही.

आता गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची जागा. माँटुलीपुढे एक सोपा रस्ता होता. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा नंबर द्यायचा आणि तो सगळ्या संकेतस्थळांना दाखवायचा. काम झटकन झालं असतं. त्याने तो रस्ता मुद्दाम टाळला. सगळीकडे एकच नंबर दिसला, तर माणूस कुठून कुठे गेला हे कोणीही जोडून बघेल, हे त्याला तेव्हाच दिसलं. म्हणून नियम असा केला की ज्याचा बिल्ला, त्यालाच तो दिसणार. पुस्तकाच्या दुकानाला सायकलच्या दुकानाचा बिल्ला दिसत नाही. आजही दिसत नाही.

मग काल सायकली बघितल्या आणि आज गोष्टींच्या पानावर सायकलची जाहिरात कशी आली?

त्याचं असं आहे. एक पान म्हणजे एकाच घरचा स्वयंपाक नसतो. मजकूर एका सर्व्हरकडून येतो, चित्र दुसऱ्याकडून, जाहिरात तिसऱ्याकडून. समजा, बाजारातल्या प्रत्येक दुकानात एकाच जाहिरात कंपनीने आपलं टेबल मांडलंय. सायकलच्या दुकानात शिरलात की तिथलं टेबल तुम्हाला स्वतःचा बिल्ला देतं. पुस्तकाच्या दुकानात शिरलात की तिथल्या टेबलाला तुमचा ब्राउझर तोच बिल्ला दाखवतो. नियम कुठे मोडला? कंपनी आपलाच बिल्ला तर बघतेय! आणि तिच्या वहीत नोंद होते: या नंबरचा माणूस सायकली बघतो, भुताच्या गोष्टी वाचतो, रात्री दहानंतर जागा असतो. कधी कधी तर जाहिरातही नसते. एका ठिपक्याएवढं चित्र पानात लपवलेलं असतं, तेवढंही पुरतं.

मला हे पटत नाही. ज्याने हे यंत्र बनवलं त्याने जी गोष्ट टाळली, तीच मागच्या दाराने आत आली. सफारीने २०२० मध्ये अशा परक्या टेबलांचे बिल्ले अडवले. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक दुकानासाठी वेगळा डबा ठेवला, त्यामुळे एका दुकानातला बिल्ला दुसऱ्यात चालेना. आपल्या देशातही २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा मंजूर झाला. १८ वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवायला त्यात मनाई आहे. सरकार काही अपवाद ठरवू शकतं, पण मूळ नियम तुमच्या बाजूचा आहे.

बिल्ले पुसून टाकता येतात. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ती सोय असते. पण आधी घरात विचारा, नाहीतर आईचं ईमेल पुन्हा पासवर्ड मागत बसेल. आणि हेही लक्षात घ्या, पुसला जातो तो तुमच्याकडचा बिल्ला. वही कंपनीकडे असते. त्यातली जुनी पानं तशीच राहतात, फक्त तुम्ही नव्या नंबरचे नवे पाहुणे होता. खाजगी विंडोचंही थोडं तसंच. ती बंद केली की तिच्यातले बिल्ले जातात, पण शाळेच्या नेटवर्कवरून तुम्ही कुठे गेलात हे शाळेला दिसू शकतं.

एक प्रयोग करा. मोठं कोणीतरी शेजारी बसलेलं असू द्या. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये बातम्यांचं एखादं पान उघडा, एफ१२ दाबा, ‘ॲप्लिकेशन’ या भागात जा आणि ‘कुकीज’ शोधा. फायरफॉक्स असेल तर तो भाग ‘स्टोरेज’ या नावाने सापडेल. तिथे नावांची यादी दिसेल, प्रत्येक बिल्ला कोणाचा आणि तो कधी रद्द होणार हेही दिसेल. काही बिल्ले ब्राउझर बंद करताच जातात, काही पुढच्या वर्षापर्यंत टिकतात. मी असंच एक पान उघडून मोजत बसले होते. पानाचा पत्ता मी एकच टाइप केला होता, आणि यादीतली नावं तिसाच्या पुढे गेली तरी संपेनात. तुमच्या यादीत किती निघाली?