पुराचा इशारा आला, घर सोडायचंय... पिशवीत नेमकं काय भराल? वजनाच्या हिशेबासह समजून घ्या

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेसाठी हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. नदीकाठच्या लोकांना ते तोंडपाठ असतात. पण पाणी इशारा पातळी ओलांडून धोका पातळीकडे सरकत असताना घरात काय चाललेलं असतं? कुणी कपाटातली फाईल शोधतंय, कुणी आजीच्या गोळ्या, कुणी चार्जर. ही शोधाशोध टाळण्यासाठीच आधीपासून भरून ठेवलेली 'इमर्जन्सी बॅग' हवी. त्यात काय घ्यायचं, यापेक्षा काय मागे ठेवायचं हे ठरवणं जास्त अवघड आहे.

एक नाही, दोन साठे करा

आधी साधं गणित पाहू. पिण्यासाठी आणि किरकोळ वापरासाठी माणशी दिवसाला ३ लिटर पाणी धरलं, तर चौघांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी ३६ लिटर लागतं. म्हणजेच ३६ किलो! गुडघाभर पाण्यातून एवढं वजन कुणीच नेऊ शकत नाही. त्यामुळे सामानाचे दोन भाग करा.

- घरातला साठा : पाण्याचे कॅन, कोरडा शिधा, मेणबत्त्या, काडेपेटी. हे माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर ठेवा. घरातच अडकून पडलात तर उपयोगी येईल.
- सोबतची बॅग : घर सोडताना पाठीवर घ्यायची. दोन्ही हात मोकळे राहायला हवेत, म्हणून सुटकेस किंवा हातातली पिशवी नको. घरातल्या ज्या व्यक्तीला ती उचलावी लागेल, तिने पाठीवर घेऊन जिना उतरून पाहावं. दम लागला तर सामान कमी करा.

पुरात पाणीच मिळत नाही, असं कसं?

२०१९ च्या महापुरात कोल्हापुरात नेमकं हेच झालं. उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि नळ कोरडे पडले. शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग अनेक दिवस बंद राहिल्याने दूध आणि पेट्रोलचीही टंचाई झाली.

बॅगेत माणशी एक लिटरची बाटली आणि क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर ठेवा. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही. म्हणून पाणी आधी निवळू द्या, चौपदरी कापडाने गाळा, मग पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात क्लोरीन टाका आणि अर्धा तास थांबा.

खायला काय घ्यावं?

शिजवावं लागणार नाही आणि तहान वाढवणार नाही असं. फुटाणे, साधे चिरमुरे, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर हे हलकं आणि टिकाऊ असतं. भडंग घरोघरी असतो, पण तिखट-मिठामुळे पाणी जास्त लागतं. तान्ह्या बाळाचं खाणं वेगळ्या डब्यात भरा.

औषधांचं काय?

- रोजच्या गोळ्या किमान सात दिवसांच्या, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. नवीन डॉक्टरला 'ती पांढरी गोळी' सांगून उपयोग नसतो.
- ओआरएसची पाकिटं. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.
- पट्टी, कापूस, जंतुनाशक मलम, सॅनिटरी पॅड.
- वापरात असलेली इन्सुलिनची बाटली साधारण महिनाभर फ्रिजबाहेर चालते, पण ऊन आणि ३० अंशांपुढचं तापमान टाळा. तुमच्या इन्सुलिनचा नियम डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवा.

पुराच्या पाण्यातून चालावं लागलं आणि पायाला जखम असेल, तर नंतर डॉक्टरांना जरूर सांगा. लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

पॉवर बँक किती दिवस पुरते?

जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा वीज गेली आणि मोबाईलची रेंजही. फोनवर सगळी भिस्त ठेवू नका.

१०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून ५,००० एमएएचचा फोन दोनदा चार्ज होईल असं वाटतं. प्रत्यक्षात तो साधारण दीडदाच होतो. कारण आतल्या बॅटरीचा ३.७ व्होल्टचा दाब ५ व्होल्टपर्यंत वाढवताना आणि फोनमध्ये पुन्हा कमी करताना ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाते. रेंज नसताना टॉवर शोधत राहिल्यानेही फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. अशा वेळी फ्लाइट मोड लावा आणि तासाभराने रेंज तपासा.

टॉर्च वेगळी घ्या, म्हणजे फोनची बॅटरी वाचेल. सेलवर चालणारा छोटा रेडिओ आणि शिटी ठेवा. ओरडून घसा बसतो, शिटी दूरवर ऐकू जाते. महत्त्वाचे दहा नंबर कागदावर लिहून ठेवा.

कोणती कागदपत्रं?

आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, विमा पॉलिसी, शाळा-कॉलेजचे दाखले. सगळं झिप असलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात. डिजिलॉकरमधल्या कागदपत्रांना कायद्याने मूळ प्रतीइतकीच मान्यता आहे, त्यामुळे तिथेही खातं उघडा.

पाऊस सुरू होण्याआधी घर, दुकान, गोठा यांचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवून ठेवा. पंचनामा आणि विम्याच्या वेळी पुरापूर्वीचा फोटो कामी येतो. एटीएम बंद पडतात, म्हणून थोडी रोख रक्कम १०, ५० आणि १०० च्या नोटांत ठेवा.

घर सोडताना...

- जागा कोरडी असेल तरच मेन स्विच बंद करा. पाण्यात उभं राहून हात लावू नका.
- गॅसचा रेग्युलेटर बंद करा.
- जनावरं सोबत नेता येत नसतील तर दावी सोडा.
- काठी जवळ ठेवा. पाण्याखालचा खड्डा आणि साप दोन्हींसाठी.

आणि उशीर करू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळजवळ पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून अनेकांचा जीव गेला. रस्ता कोरडा असताना पायी निघणं हे शेवटच्या क्षणी बोटीची वाट पाहण्यापेक्षा केव्हाही सुरक्षित. बोटीत बसावंच लागलं आणि जागा कमी असेल, तर बॅग मागे राहू द्या. खिशात कागदपत्रं, औषधं आणि फोन एवढं असलं तरी पुरे.

बॅग कधी भरायची?

जूनच्या पहिल्या आठवड्यात. त्यानंतर दर तीन महिन्यांनी गोळ्या आणि खाण्याच्या मुदतीच्या तारखा पाहा, पॉवर बँक पुन्हा चार्ज करा, रेडिओचे सेल तपासा. बॅग दाराजवळ, पण जमिनीपासून उंच खुंटीला टांगा. ती कुठे आहे हे घरातल्या लहान मुलांनाही माहीत हवं.

हे नंबर कागदावर लिहून ठेवा : आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७.