साठा भरला, वाट कोठे अडली?

श्रोतेहो, नागपूर जिल्ह्यातील खापरखेड्याचे औष्णिक वीजकेंद्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. 210 मेगावॅटचे चार संच आणि 500 मेगावॅटचा एक, मिळून 1340 मेगावॅट. तेथे पट्ट्यावरून येणारा कोळसा थेट भट्टीत जात नाही. आधी तो बंकरमध्ये पडतो, तेथून बेताबेताने चक्कीत उतरतो आणि दळून मग भट्टीत जातो. आवक कधी जास्त, कधी कमी. खप मात्र सारखा. हा फरक बंकर सांभाळतो.

संगणकाच्या जाळ्यातही असेच बंकर असतात. त्यांना बफर म्हणतात. तारेतून आलेली माहितीची पुडकी ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या मेमरीत क्षणभर ठेवते आणि ज्या प्रोग्रॅमची ती असतील त्याच्या हवाली करते. फ्रीबीएसडी नावाच्या सिस्टीममध्ये त्यासाठी 256 बाइटांचे लहान आणि 2048 बाइटांचे मोठे खण असतात. मोठ्या खणांच्या संख्येला मर्यादा असते. ती गाठली की नवी पुडकी टाकून दिली जातात. परीक्षेचे अर्ज भरण्याच्या ऐन दिवसांत शाळेचा सर्व्हर मुका होतो, त्याचे हे एक कारण असू शकते.

अशा वेळी यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, की काम चालते खरे. पण सिस्टीमने ठेवलेले आकडेही पुसले जातात आणि निदान राहून जाते. म्हणून आधी ‘नेटस्टॅट -एम’ ही आज्ञा द्यावी. किती खण वापरात आहेत, मर्यादा किती आणि किती मागण्या नाकारल्या, हे ती सांगते. नाकारलेल्यांचा आकडा शून्य असेल, तर दोष दुसरीकडे शोधावा.

नसेल, तर हे आकडे दिवसातून चारदा वहीत टिपावेत. गर्दी ओसरताच वापर उतरला, तर मर्यादा तोकडी होती. मेमरी किती शिल्लक आहे ते पाहून ती वाढवावी. एकाच प्रोग्रॅमच्या दारी रांग साचून राहिली, तर चक्की मंद आहे; तेथे बंकर वाढवून काय होणार? आणि रात्री सामसूम असतानाही आकडा चढतच गेला, तर कोणीतरी घेतलेला खण परत करीत नाही, असे समजावे. मग सिस्टीमची किंवा ड्रायव्हरची दुरुस्तीच हवी.

फार मोठा साठाही बरा नव्हे. रांग लांबली की शेवटचे पुडके उशिरा पोचते. 2010च्या सुमारास जिम गेटीज यांनी या व्याधीला ‘बफरब्लोट’ असे नाव दिले.

शिक्षक बंधुभगिनींनी ही आकड्यांची वही वरच्या वर्गातील मुलांकडूनच ठेवून घ्यावी.