नावामागचे गाव : गाएतानो

रायगड जिल्ह्यातल्या अष्टमी गावात राहणाऱ्या माणसाला अष्टमीतले लोक अष्टमकर म्हणत नाहीत. तशी गरजच पडत नाही. तो मुंबईला गेला, तिथे कुणी ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारले, की गाव नावाला चिकटते. रायगडच्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबांत ही आडनावे ठळकपणे दिसतात: अष्टमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर. अठराव्या शतकापासून ही मंडळी मुंबईत स्थायिक होऊ लागली. घरे, शेते, तेलाचे घाणे मागे राहिले आणि गाव आडनावात पक्के झाले.

मागच्या भागात आपण लोरेन्झो पाहिला. आजचे नाव गाएतानो. दक्षिण इटलीत, विशेषतः नेपल्स आणि सिसिलीकडे, हे पुरुषांचे अगदी ओळखीचे नाव, लाडाने तानो. अर्थ सरळ आहे: गाएताचा राहणारा, म्हणजे आपल्या भाषेत गाएताकर. फरक एवढाच, की आपल्याकडे गाव शेवटी येते आणि तिथे ते बारशालाच ठेवले जाते.

गाएता हे रोम आणि नेपल्स यांच्या मधले, समुद्रात घुसलेल्या भूशिरावरचे जुने बंदर. लॅटिनमध्ये ते कायेता. रोमन कवी व्हर्जिल सांगतो, की ट्रॉयहून निघालेल्या ईनियसची दाई कायेता इथे वारली आणि तिचे नाव या किनाऱ्याला मिळाले. ग्रीक भूगोलकार स्ट्राबो ही कथा नोंदवतो, पण शेजारी दुसरे कारणही ठेवतो: लॅकोनियाचे लोक खोलगट जागेला ‘कायेतास’ म्हणत आणि इथला उपसागर तसाच आहे. मला स्ट्राबोचे म्हणणे पटते. आधी जमिनीचा आकार पाहून नाव पडते आणि गोष्ट मागाहून जोडली जाते, असे कोकणातल्या कितीतरी गावांतही झालेले आहे.

या गावच्या तोमासो दे व्हियोचा जन्म 1469 चा. पुढे तो कार्डिनल झाला आणि 1518 मध्ये आउग्सबुर्गला मार्टिन ल्यूथरची जबाब-तपासणी त्यानेच केली. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र तो तोमासो म्हणून क्वचितच भेटतो. तो कायेतान, म्हणजे गाएताचा. गाव सोडलेल्या अष्टमकरांचे झाले तेच त्याचे झाले.

पण हे नाव जगभर नेले ते दुसऱ्याच माणसाने, आणि तो गाएताचा नव्हताच. संत गाएतानो 1480 मध्ये इटलीच्या उत्तरेला, व्हिचेन्झात, थिएने नावाच्या सरदार घराण्यात जन्मला. पादुआला तत्त्वज्ञान शिकवणारे एक गाएतानो त्या घराण्यात आधी होऊन गेले होते. वडीलधाऱ्यांचे नाव मुलाला द्यायची आपल्यासारखीच रीत. या गाएतानोने 1524 मध्ये रोममध्ये सहकाऱ्यांसह साधुसंघ स्थापला. त्यांच्यातले कराफा हे किएतीचे बिशप. किएतीचे लॅटिन नाव तेआते, म्हणून संघाचे नाव थिएटाइन. इथेही गावच! नेपल्समध्ये गोरगरिबांत काम करता करता 7 ऑगस्ट 1547 रोजी गाएतानो वारला आणि 1671 मध्ये त्याला संतपद मिळाले. नावांच्या यादीत गाएतानोपुढे ‘गाएताचा रहिवासी’ एवढेच लिहिलेले असते, ते मला अपुरे वाटते. या संतानंतर मुलाचे नाव गाएतानो ठेवणाऱ्या आईच्या मनात बंदर नसते, नेपल्सचा हा साधू असतो. ब्युनोस आयर्समध्ये 7 ऑगस्टला भाकरी आणि काम मागायला हजारो लोक सान कायेतानोच्या देवळापुढे रांग लावतात. त्यांना गाएता कुठे आहे हे ठाऊक असायचे कारण नाही.

आपल्या किनाऱ्यावर हे नाव इटालियन पायांनीच आले. थिएटाइन पाद्री 1640 मध्ये गोव्यात पोहोचले. त्यांना गोवळकोंड्यात काम करायचे होते. ते जमले नाही आणि ते गोव्यातच राहिले. सतराव्या शतकाच्या मध्यात त्यांनी जुन्या गोव्यात बांधलेले चर्च आजही उभे आहे. भिंती आपल्या जांभ्या दगडाच्या, वर चुन्याचा गिलावा, पुढचा दर्शनी भाग आणि घुमट मात्र रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवर. घुमटाखाली, चर्चच्या मध्यभागी, झाकलेली विहीर आहे. हे चर्च खरे म्हणजे दैवी कृपेच्या मातेला वाहिलेले. पण लोकांनी ते सेंट कॅजेटनचेच, म्हणजे संत गाएतानोचेच, ठरवले.

पोर्तुगीजमध्ये नाव झाले काएतानो, कोकणीत कायतान. इटालियन जिभेने लॅटिनमधल्या ‘क’चा ‘ग’ केला, गोव्यातल्या जिभेने ‘क’ जपला. म्हणजे बार्देशातला कायतान मूळ उच्चाराला नेपल्सच्या गाएतानोपेक्षा जवळचा आहे, ही गोष्ट मला फार आवडते. संमोहनशास्त्राचे आद्य पुरस्कर्ते अब्बे फारिया मराठी वाचकांना माहीत आहेत. त्यांचे वडील काएतानो व्हितोरिनो द फारिया. पत्नीपासून वेगळे होऊन ते धर्मगुरू झाले, मुलाला घेऊन युरोपात गेले, आणि गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध झालेल्या 1787 च्या पिंटोंच्या बंडाशी त्यांचे नाव जोडले गेले.

नाव परक्या तोंडी गेले की ते वळते, हे अष्टमीलाही चुकलेले नाही. शिवराज्याभिषेकासाठी 1674 मध्ये इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन निघाला. पोर्तुगीज चौलचे दरवाजे बंद झालेले असल्याने ती रात्र त्याने वेशीबाहेरच्या छोट्या चर्चमध्ये काढली, आणि मग अष्टमी, निजामपूर असे करत तो रायगडावर पोहोचला. हा प्रवास इंग्रज प्रवासी जॉन फ्रायरच्या 1698 च्या पुस्तकात आहे; तिथे आपल्या अष्टमीचे ‘एस्थेमी’ झाले आहे. आणि मुंबईत 1796 मध्ये बेने इस्राएलींचे पहिले सिनेगॉग उभारणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर आपल्या माणसांत समाजी हसाजी होते. सॅम्युएलचा समाजी आणि गाएतानोचा कायतान एकाच किनाऱ्यावर घडले.

पुढच्या भागात फ्रान्चेस्को: ज्याच्या नावात गाव नाही, अख्खा देश आहे.